भाऊजींनी लावलेला क्रम

दोन हजार सालानंतरच्या एका चैत्रात माझ्या धाकट्या बहिणीची लग्नपत्रिका बीडच्या छापखान्यातून छापून आली. निमंत्रकांच्या यादीत पहिलं नाव माझं होतं आणि शेवटचं आमच्या थोरल्या काकांचं. लगेच धारूरहून काकांचा निरोप आला: लग्न तुमचं तुम्ही उरकून घ्या. वडील हयात नव्हते आणि माझं लग्न झालेलं नव्हतं. कन्यादान काका-काकूंनी करायचं ठरलेलं होतं.

पत्रिकेतली नावं थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भाऊजींनी लावली होती. वस्तू असो की माणूस, क्रमाने लावल्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, असा दुसरा गृहस्थ बीड जिल्ह्यात झाला नसेल. भाऊजींचा एसटी स्टँडाजवळ कॉम्प्युटरचा क्लास होता. तिथे मुलं टायपिंगच्या वेगाप्रमाणे बसत. सगळ्यात सावकाश मुलगा दाराशी, कारण ये-जा करणाऱ्यांचा धक्का लागला तर त्याचं नुकसान सगळ्यात कमी. घरातले डबे त्यांनी एकदा वापराप्रमाणे लावले. साखर आणि मीठ दोन्ही रोज लागतात, म्हणून दोन्ही शेजारी आली, आणि एका रविवारी घरी आलेल्या पाहुण्यांनी खारट चहा मुकाट्याने संपवला. स्टँडावर लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत, तेव्हा भाऊजी फलाटावर रांगेत उभे असत. रांगेत ते एकटेच असत. "रांग एका माणसापासूनच सुरू होते," असं ते म्हणत, आणि बहुधा पुढच्या गाडीने जात.

त्यांचं खरं काम मात्र क्लास सुटल्यावर सुरू होई. संगणकाच्या प्रोसेसरमध्ये त्याचं स्वतःचंच काम मोजणारी बारीक मीटरं असतात. कोणतं काम कुठे अडतंय, ते त्यांच्यावरून कळतं. ही मीटरं वाचून दाखवणारा एक मोफत प्रोग्राम देशोदेशीचे लोक मिळून लिहीत होते, आणि त्यांच्यात बीडहून आमचे भाऊजी होते. त्यांची तक्रार एकच होती. तो प्रोग्राम मीटरांची यादी अक्षरं बघून लावी. त्यामुळे एक नंबरच्या मीटरानंतर दहा नंबरचं येई, मग अकरा, आणि दोन नंबर बिचारं पार खाली. भाऊजींनी ईमेलवर महिनोन्महिने वाद घातला. समोरचा माणूस कोणत्या देशाचा, हे त्यांनाही माहीत नव्हतं. आम्हाला ते समजावून सांगत, "अरे, आधी घराणं बघायचं. एका घराण्याची मीटरं एकत्र बसवायची, मग त्यांच्यात थोरलं-धाकटं. अक्षरावर कसं जाता येईल?" त्यांची दुरुस्ती पुढे मान्य झाली.

त्याच भाऊजींनी आमची भावकी अक्षरावर लावली. मराठी फॉन्टला वर्णमालेचा क्रम कळत नव्हता, म्हणून त्यांनी त्यासाठी मुद्दाम वेगळा प्रोग्राम लिहिला. माझं नाव अ वरून, काकांचं ह वरून. "कुणाला राग नको म्हणून केलं," ते म्हणाले. ताईने पत्रिका त्यांच्यापुढे ठेवली. "अहो, यंत्राच्या भावकीचा मान ठेवता, आणि माझ्या भावकीची बाराखडी करता होय?" त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत, असं ताईने मला नंतर सांगितलं.

भाऊजी आणि मी एसटीने धारूरला गेलो. काकांचं किराणा दुकान होतं. काकांनी चहा सांगितला, पण बसा म्हटलं नाही.

"जावईबापू, आमचं काय चुकलं?"

"काही नाही काका. तुमचं नाव ह वरून आहे."

"म्हंजे माज्या बारशातच घोळ झाला म्हना."

"तसं म्हणता येईल," भाऊजी गंभीरपणे म्हणाले. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"आता तुम्ही म्हणाल तसा क्रम लावतो," भाऊजी पुढे म्हणाले. "पत्रिका पुन्हा छापू. आधी घराणं, मग वय. थोरली पाती कोणाची?"

काकांनी पोत्यातल्या डाळीत हात घातला आणि तसाच ठेवला. थोरली पाती, म्हणजे भावकीतली थोरली शाखा, तेलगावची होती. तिथल्या चुलतभावाशी काका विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून कित्येक वर्षं बोलत नव्हते.

"तेलगावकरांची," मी सांगितलं.

"मग पहिलं नाव त्यांचं. काकांचं त्याखाली."

"त्येच्या खाली?"

"नियमाने खालीच येतं."

काकांनी चष्मा लावून पत्रिका मागितली. "आता कुठं हाय त्यो?"

"मधे. म मध्ये."

"आन सगळ्यात वर कोन?"

भाऊजींनी माझ्याकडे बोट केलं.

काकांनी मला नीट पाहून घेतलं. "म्हंजे ह्या पोरट्याच्या बी खाली हाय त्यो."

"तुम्हीही आहात, काका."

"माजं सोडा. शेवटचं नाव डोळ्यात भरतं." त्यांनी पत्रिकेची घडी घालून खिशात ठेवली. "लई खर्च करू नका. हीच वाटा. आन बसा की, उभे कावून?"

भाऊजी बसले. बसल्या बसल्या बरण्यांकडे बघू लागले, तेव्हा मी त्यांना उठवून बाहेर आणलं.

लग्न बीडला झालं. काका-काकू आदल्या दिवशीच आले. तेलगावचे चुलतेही आले आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसले. गोरज मुहूर्त होता. मंगलाष्टकं चालू असताना वीज गेली. भाड्याने आणलेला जनरेटर गचके खात होता, त्याची सैल वायर भाऊजी मांडवामागे हाताने दाबून उभे होते. कन्यादानाच्या वेळी काका ताईला म्हणाले, "जावईबापू दिसंनात."

"जनरेटरपाशी आहेत," ताई म्हणाली. "सोडलं तर अंधार होतो."

काकांनी एकदा मांडवाच्या मागच्या पडद्याकडे पाहिलं. मग काकूंनी झारी हातात दिली आणि काकांनी माझ्या धाकट्या बहिणीच्या ओंजळीवर पाणी सोडलं.