आप्पांची खूण

आमच्या घरात डिग्री घेतलेला मी पहिला. आणि डिग्री घेऊन गिटार वाजवत बसलेलाही मीच पहिला, हे आई पाहुण्यांना आवर्जून सांगते.

आमचा चौघांचा बँड होता. सोलापुरात रॉक कोण ऐकतंय, असं म्हणणारेच गणपतीत आमच्यापुढं घाम निघेपर्यंत नाचले. मग एकेक जण नोकरीला पुण्याला गेला. उरलो मी आणि मी लिहिलेली पाच गाणी. एकट्यानंच गाणार म्हटल्यावर ड्रमर फोनवर हसला, "एकटा? अरे, तुला ताल आम्ही धरून देत होतो की!"

ते डोक्यात बसलं. एकट्यानं उभं राहून दाखवायचंच.

पहिला कार्यक्रम माझ्याच कॉलेजच्या हॉलमध्ये. हॉल गच्च. आप्पा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदाच ऐकायला आलेले. उभा जन्म यंत्रमागावर गेलेला माणूस, खुर्ची राखून ठेवलेली असून मागं भिंतीला टेकून उभा.

दुसऱ्याच गाण्यात गिटारची तार तुटली. आणि मी गाणंच थांबवलं! बँडमध्ये बाकीचे तिघं वाजवत राहायचे, निभून जायचं. पण सुट्ट्यांत आप्पांच्या हाताखाली मागावर राबून अंगात कारखाना मुरलेला: सूत तुटलं की माग जागेवर बंद, गाठ मारायची, मगच पुढं. गिटारच्या तारेला कुठली गाठ मारणार?

"काय भाऊ, लाईट गेली काय?" कोणीतरी ओरडलं. हॉल हसला.

मी आप्पांकडं बघितलं. मागाच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यात सगळं हातानं सांगतात. आप्पांनी हात वर केला, मूठ वळली आणि पुढं ढकलली. माग चालू कर!

मी गिटार आडवी धरली आणि तिच्या पोटावर तळहात मारायला लागलो. खटक-खट, खटक-खट. निम्मा हॉल मागवाल्यांच्या घरातला. तो आवाज त्यांनी लगेच ओळखला. आधी मागची रांग, मग सगळाच हॉल टाळ्यांनी तोच ताल धरून बसला. मी असा गायलो, असा गायलो, की पाचच्या पाच गाणी कधी संपली कळलंच नाही.

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "गाणं बरं हाय. पर एवढं वरडतूस कशाला? हितं माग कुटं चालू हुते?"

मी हसत हसत ड्रमरला फोन लावला आणि पाचही गाणी तालात झाली म्हणून सांगितलं. "कोणी धरला रे ताल?" त्यानं विचारलं.

मी फोन आप्पांच्या हातात दिला.