वायरलेसवरचा माझा आवाज

मी मूळची झरीची. वडील शाळेत शिक्षक. घरात बुद्धवंदना व्हायची, पण अंगारे-धुपारे, बाहेरचं, लागिरं... असले शब्द आमच्याकडे हसण्यावारी जायचे. त्यात मी पोलिसात, आठ वर्षं फौजदार. भूत दिसलं म्हणणाऱ्याच्या तोंडाचा आधी वास घ्यायचा, ही आमची सवय. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते असं.

जिंतूर तालुक्यातल्या एका ठाण्यात असताना मी दूरशिक्षणातून एम.ए. करत होते — विषय नेतृत्व आणि प्रशासन. हाताखालच्या माणसांना कुठं उभं करायचं, कुठून मागं घ्यायचं, हे ठरवताना मी चारचारदा आराखडा बदलायचे. म्हटलं, शिकून तरी घ्यावं. ठाणेदार साहेबांना ते पटत नव्हतं. पुस्तकं वाचून बंदोबस्त होत नसतो, असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे.

गेल्या सप्टेंबरात शेवटचा पेपर आला रविवारी, परभणीला, अकरा ते दोन. आणि त्याच दिवशी ठाण्याच्या गावात मोर्चा. सुट्टीसाठी साहेबांपुढे तीनदा उभी राहिले. शेवटी त्यांनी परवानगी दिली, पण बंदोबस्ताचा आराखडा करून जा आणि काही कमी-जास्त झालं तर जबाबदारी तुमची, असं बजावून.

मुख्य रस्त्यावर एक बंद पडलेली कापसाची जिनिंग मिल आहे. चार दिवसांची पावसाची झड उघडून कडक ऊन पडलं होतं, म्हणून हवालदार शेळके आणि तीन शिपायांना मी जिनिंगच्या उंच भिंतीच्या सावलीत उभं राहायला सांगितलं. रविवारी सकाळी माझा वायरलेसचा हँडसेट ठाण्यातल्या कपाटात चार्जिंगला लावला, कपाटाला कुलूप घातलं आणि एसटीनं परभणी गाठली.

पेपरात लक्ष लागेना. मोबाइल बाहेर बॅगेत, बंद. तिसरा प्रश्न अधिकार सोपवण्यावर होता. तो लिहायला घेतला तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती, हे पक्कं आठवतं. त्यानंतर घड्याळ पाहिलं तेव्हा सव्वाबारा. पान कोरं. आणि घसा असा बसलेला, जणू परेडच्या मैदानावर तासभर ओरडून आलेय. पाणी मागायला गेले तर आवाज फुटेना. ताण असेल, डुलकी लागली असेल... अशी समजूत घालून पुन्हा लिहायला लागले.

दोनला मोबाइल सुरू केला. ठाण्यातून अकरा मिस्ड कॉल. शेळकेंना फोन लावला.

"मॅडम, सगळे सुखरूप हायत," ते म्हणाले. "तुमी सांगितलं म्हणून वाचलो."

मी काय सांगितलं, असं विचारल्यावर तेच गोंधळले. बारा-दहाच्या सुमारास वायरलेसवर माझा आवाज आला होता — शेळके, भिंत सोडा, रस्त्याच्या पलीकडं जा, आत्ताच्या आत्ता. घोगरा होता, पण माझाच. चौघांनाही ऐकू आला. जवळच सावलीला टेकलेल्या दोन बायांना उठवून ते पलीकडं पोचले, तोच पावसानं भिजलेली ती भिंत अख्खी रस्त्यावर आडवी झाली.

संध्याकाळी मी तिथं जाऊन उभी राहिले. विटांखाली शेळकेंची प्लास्टिकची खुर्ची चपटी होऊन पडली होती. त्या जागी त्यांना मीच उभं केलं होतं.

ठाण्यात कपाट तसंच कुलूपबंद होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये. आणि हातात असता तरी त्या हँडसेटची रेंज परभणीहून तिथवर पोचली नसती. पण ठाण्यातल्या ऑपरेटरनंही तो हुकूम ऐकला होता, आणि वहीत वेळ टाकून माझ्या नावानं लिहिला होता. कुणी माझा आवाज काढला म्हणावं, तर भिंत पडणार हे त्याला कसं कळलं? पेपरच्या वेळी हॉलवर असलेल्या प्राध्यापकांना मी मुद्दाम जाऊन भेटले. त्यांना मी आठवत होते. पाच-दहा मिनिटं तुमचा पेन हलला नाही, तब्येत बिघडली की काय वाटलं, असं ते म्हणाले. मी काही बोलले का? नाही. नुसती मान खाली घालून बसला होतात, म्हणाले.

साहेबांनी तोड काढली. जाण्याआधी मीच तोंडी सूचना देऊन ठेवली होती, असं लिहून द्या म्हणाले; बक्षिसासाठी नावही पाठवतो म्हणाले. मी नाही दिलं. जो हुकूम मी दिलाच नाही, तो माझ्या नावावर कसा लावू? मग अहवालात 'प्रसंगावधान' एवढा शब्द गेला. कुणाचं, ते कुणीच लिहिलं नाही.

पास झाले मी. पण त्या दिवसापासून वायरलेस खरखरला की अंगावर काटा येतो. तो आवाज एकदा बरोबर निघाला... पुढच्या वेळी त्यानं चुकीचं सांगितलं तर? शेवटी एका सकाळी हजेरीनंतर मी माझ्या माणसांना सांगितलं, की वायरलेसवर माझा हुकूम आला तर आधी मोबाइलवर मला विचारा, मगच जागा सोडा.

शेळके हळूच म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी इचारत बसलो असतो तर?"

तो नियम मी अजून मागे घेतलेला नाही. आणि वेळ आली तर तो कुणी पाळणार नाही, हेही मला माहीत आहे.