तळ्यावर नेलेला रुसवा

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावई सासुरवाडीला जातो तो फराळासाठी नव्हे, रुसण्यासाठी. आमच्या भागात हे कोणाला शिकवावं लागत नाही. जेवायला बसलं की पानावरच्या घासाला हात लावायचा नाही, तोंड फिरवायचं, आणि कोणी काही विचारलं तर मुकं व्हायचं. मग सासऱ्यानं येऊन विचारायचं, "पाव्हणं, काय पायजे?" तेव्हा कुठे जावयानं मागणी सांगायची. ती कबूल झाली की हसून जेवायचं. मात्र जावयानं आपणहून मागायचं नाही. मागितलं तर तो भिकारी ठरतो, रुसला तर जावई.

मी सायकलीसाठी रुसणार होतो. माधवनगरच्या एका गिरणीत मी कारकून होतो आणि सांगलीत एका खोलीत राहत होतो. रोज सकाळी गिरणीचा भोंगा व्हायचा तेव्हा मी अजून रस्त्यातच असायचो, आणि मोठे साहेब दारात उभे असायचे. दिवस लढाईचे होते. नवी सायकल सोडाच, जुन्या सायकलीला टायर मिळत नव्हता. पण माझे सासरे पलटणीतून पेन्शनवर आलेले हवालदार. पलटणीतल्या माणसाला कुठूनही काहीही मिळतं, अशी आमच्या कचेरीत सगळ्यांची खात्री होती. निघताना शेजारच्या टेबलावरचा मला म्हणाला, "गड्या, सायकल घेतल्याबिगर माघारी येऊ नगंस. चालत आलास तर तुला आमी वळखणार न्हाई."

सासुरवाडी खटावच्या पलीकडे, जिथे पाऊस विचार करून पडतो अशा मुलखात. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून मी उतरलो तेव्हा माझं तोंड काळं आणि नवं धोतर करडं झालं होतं. घाबरट माणूस घाई करतो तशी मीही केली. पाडव्यापर्यंत थांबायचं सोडून आल्या आल्याच रुसायला सुरुवात केली. पाय धुतले, रामराम केला आणि तोंड मिटलं.

पहिल्या दिवशी कोणी लक्षच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दोन घास खाऊन ताट सारलं, तेव्हा सासूबाईंना माझं पोट बिघडलं असं वाटलं. सासूनं जावयाशी समोरासमोर बोलायची पद्धत नव्हती. त्यांनी दाराआडून शेजारणीच्या हातून ओव्याचं पाणी पाठवलं, आणि ते मला प्यावं लागलं. बायको दिवाळीला आधीच येऊन राहिली होती, ती सगळं ओळखून होती. पण माहेरी वडीलधाऱ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलणार कशी? ती पदर तोंडाला लावून इकडून तिकडे जायची. पदराआड ती हसत होती हे मला पाठमोरं बघूनही कळायचं, आणि त्याचा मला फार राग यायचा.

राहता राहिले सासरे. विचारायचं ते त्यांनीच. खाकी हाफ पँट, वर सदरा आणि पटका असा त्यांचा बारमाही पोशाख. एका गुडघ्यात गोळी लागलेली, त्यामुळे चालताना लंगडायचे. माझ्या मुकेपणाकडे त्यांनी दोन दिवस बारकाईनं पाहिलं. मी आशेनं आणखी घट्ट तोंड मिटलं. शेवटी ते ओसरीवरून आतल्या दाराकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाले, "पाव्हणं कमी बोलत्यात. लय झ्याक मानूस मिळाला गं! उद्या पाटं तळ्यावर न्येतो."

तळं म्हणजे गावापासून दोन कोसांवरचं सरकारी धरण. कुठल्याशा दुष्काळात लोकांना काम म्हणून बांधलेलं. त्या कोरड्या मुलखात तेवढंच एक पाणी, म्हणून थंडी सुरू झाली की आसपासचीच नव्हे तर कुठकुठची पाखरं तिथे उतरायची. सासऱ्यांना त्या पाखरांचं वेड होतं हे मला सोयरीक जमवताना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी काय वेगळं केलं असतं म्हणा.

पहाटे अंगणात सासऱ्यांची सायकल उभी होती. काळी, जड, मागे मजबूत कॅरिअर. "बसा मागं," ते म्हणाले. मी चालवतो असं म्हणावं तर रुसवा मोडतो. म्हणून मी धोतर सावरून कॅरिअरवर बसलो. लंगडा सासरा पायडल मारतोय आणि तरणाताठा जावई मागे बसलाय, हे सगळ्या गावानं पाहिलं. विहिरीवरच्या बायकांनी घागरी भरायच्या थांबवल्या. ज्या वस्तूसाठी मी उपास काढत होतो तिच्यावरच बसवून माझी वरात निघाली होती, आणि तोंड उघडायची सोय नव्हती.

चालताना लंगडणारा हा माणूस सायकलीवर मात्र सुसाट जायचा. खड्डा आला की "हॉल्ट" म्हणायचा, पण थांबायचा नाही. धरणाच्या भिंतीशी आल्यावर त्यांनी सायकल बाभळीला टेकवली आणि वहाणा काढल्या. पुढचा रस्ता पायी होता. भिंतीखालून वळसा घालून तळ्याच्या शेपटाकडे जायचं, जिथे पाणी मागे हटून नुसती दलदल आणि लव्हाळं उरतं.

"मी पाय ठिवीन तितंच तुमी ठिवा," ते कुजबुजले. "वरनं वाळल्यावानी दिसतंय, पन आत लय खोल हाय. आन बोलू नगा. तुमास्नी सांगायची गरज न्हाई म्हना." शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या कौतुकानं म्हटलं की मला रडू यायचं बाकी राहिलं.

खरं सांगतो, त्या पहाटे मला पाखरांत काडीचा रस नव्हता. माझ्या पोटात दोन दिवसांची भूक आणि ओव्याचं पाणी होतं. सासरे बोटानं दाखवत होते. ही टिबुकली, बघता बघता बुडी मारती. ते लांब पायाचं शेकाट्या. ते बदामी रंगाचं जोडपं चक्रवाकाचं. मी नुसती मान हलवायचो आणि ते खूश व्हायचे. एके ठिकाणी थांबून ते हलक्या आवाजात म्हणाले, "लोक हितं येत्यात आन बाजारात आल्यावानी बोलत्यात. माजी लेक तेवडी गप बसायची. ल्हान हुती तवा सायकलीच्या म्होरल्या नळीवर बसवून आनायचो. लगीन झाल्यापास्नं एकलाच येतो." मग पुढे बोट करून म्हणाले, "त्ये बघा."

समोर उथळ पाण्यात पाखरांचा मोठा थवा उभा होता. पुस्तकात त्यांना रोहित म्हणतात. सासरे नुसतं तांबडी पाखरं म्हणायचे. पण तांबडं काही दिसत नव्हतं. पांढरट, काटकुळ्या पायांची, चोच चिखलात खुपसून उभी. यासाठी मला कॅरिअरवर बसवून आणलं? रागाच्या भरात मी पाऊल टाकलं ते सासऱ्यांच्या पावलावर न टाकता अलीकडे टाकलं.

डावा पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला उजव्यावर जोर दिला, तर उजवा त्याहून आत. सासरे पुढे निघून गेले होते, माझ्याकडे पाठ करून. हाक मारावी तर रुसवा संपला, सायकल गेली, आणि कचेरीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. मी हाक मारली नाही. चिखल मांडीला लागला तरी मारली नाही. तेवढ्यात सासऱ्यांनी मागे वळून पाहिलं. मला वाटलं सुटलो. पण माझ्या बाजूला हाताच्या अंतरावर एक बगळा येऊन उभा राहिला होता, आणि मी खुंटासारखा स्तब्ध. सासऱ्यांचा चेहरा आनंदानं फुलला. त्यांनी हातानं खूण केली, तसंच उभं राहा, हलू नका, आणि पुन्हा पाठ केली.

चिखल कमरेला आला तेव्हा मात्र माझी सायकलीवरची वासना उडाली.

"मामाऽऽ! मेलोऽऽ!"

दोन दिवस साठवलेला आवाज होता तो. सगळं तळं हादरलं. बगळा उडाला, बदकं उडाली, आणि समोरचा तो आख्खा थवा पाण्यावरून धावत धावत वर उठला. त्या पाखरांनी पंख उघडले आणि आतला सगळा रंग बाहेर आला. लाल, गुलाबी, टोकाला काळा. डोक्यावरून ती गेली तेव्हा त्यांच्या पंखांचा वारा लागल्यासारखं वाटलं. मी कमरेइतका चिखलात आहे हे साफ विसरलो आणि तोंड उघडं टाकून वर बघत राहिलो. तसं काही मी पूर्वी पाहिलं नव्हतं, पुढेही फार पाहिलं नाही.

सासऱ्यांनी पाखरं दिसेनाशी होईपर्यंत कपाळावर हात धरून पाहिलं. मग पटका सोडला, त्याचं टोक माझ्याकडे फेकलं आणि मला ओढून बाहेर काढलं. बाभळीखाली आल्यावर विचारलं, "आवं, इतका येळ गप का ऱ्हायला?"

"रुसलो हुतो," मी म्हणालो.

"कवापास्नं?"

"आल्यापास्नं."

"आन मी तुमास्नी श्याना समजत हुतो," ते म्हणाले. मग रीत आठवल्यासारखे सावरून बसले आणि विचारलं, "काय पायजे?"

"सायकल."

त्यांनी मान डोलावली. "बरं," म्हणाले आणि मला पुन्हा कॅरिअरवर बसवलं.

पुढचे दिवस मी राजासारखे काढले. करंज्या, अनारसे, जे समोर येईल ते खाल्लं. सासरे सायकल घेऊन कुठे कुठे जायचे, तालुक्याला जाऊन आले, कोणाकोणाला भेटले. पलटणीचं वजन लावतायत म्हणून मी निर्धास्त होतो. कचेरीत काय मिजास करायची तेही ठरवून झालं होतं. भाऊबीज झाली, निघायचा दिवस आला. सकाळी मी परड्यात तोंड धूत होतो. आसपास कोणी नाही असं बघून बायको जवळ आली. मी आल्यापासून पहिल्यांदाच बोलली.

"आवं, नवी सायकल कुटंच मिळंना. आबा सोताची देत्यात तुमास्नी. रात्री तेल घालून पुसून ठिवली."

"मग ते तळ्यावर कसे जाणार?"

"त्या गुडघ्यानं? न्हाई जानार." ती हसत नव्हती. "मी बोलले असं सांगू नगा. रीत हाय, मागितलं तर द्यावं लागतं."

मोटार गावाबाहेरच्या वडाखाली थांबायची. सासरे सायकल हातानं ढकलत तिथवर आले. हँडलला झेंडूची माळ, पुढच्या चाकाला कुंकू. सासूबाईंनी दाराआडूनच तिला ओवाळलं होतं. सासऱ्यांनी स्वतः मोटारीच्या टपावर चढून सायकल दोरानं बांधली, गाठी ओढून पाहिल्या, आणि उतरताना चाकावर एकदा हात ठेवला. बायको दुसरीकडे बघत उभी होती. मला ती सायकल हवी होती, अगदी त्या क्षणीही हवी होती, हे कबूल केलं पाहिजे. पण तिच्यावर बसून माधवनगरला जाणं मला जमलं नसतं.

मी क्लीनरला म्हणालो, "सायकल खाली घे."

सासऱ्यांचा चेहरा पडला. पहिल्या दिवाळीचा जावई मोकळ्या हातानं गेला तर गावात तोंड कसं दाखवणार? "आवं पाव्हणं, काय चुकलं? का रुसला पुन्ना?"

"व्हय," मी म्हणालो. "पुन्ना रुसलो. ही एकच सायकल काय कामाची? पुढच्या दिवाळीपतूर आनखी एक बगा कुटं मिळाली तर. मी तुमच्या मागं बसनार न्हाई. तुमी आन तुमची लेक हिच्यावर, मी दुसरीवर. तिघं जाऊ तळ्यावर. तवर सायकल हितंच ऱ्हाईल."

ते हँडलवरची माळ उगीच सारखी करत राहिले. बायकोनं पदर डोळ्यांना लावला. या खेपेस ती हसत नव्हती हे मला पाठमोरं न बघताही कळत होतं.

"चिकलात वरडणार न्हाई न्हवं?" सासऱ्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग बसा गाडीत. उशीर हुतोय," ते म्हणाले. मोटार धूर सोडत निघाली तरी ते सायकल धरून रस्त्यातच उभे होते.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा मी रस्त्यात होतो. साहेब दारात होते. शेजारच्या टेबलावरच्यानं मला खरंच ओळख दाखवली नाही.