एकाच आवाजातले उमेदवार

आमच्या घरात दोन वर्षं एक आवाज राहत होता. तो बाईचा की पुरुषाचा, तरुण की वयस्कर, काही सांगता येत नसे. मी मँचेस्टरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. दर वसंतात पदवीधरांच्या भरतीसाठी मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून गुण देणं माझ्याकडे असतं. भेदभाव होऊ नये म्हणून कंपनीने एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. ते उमेदवाराचा चेहरा झाकायचं, आवाज बदलून सगळ्यांना एकच आवाज द्यायचं, आणि वंश, धर्म, गाव सुचवणारे शब्द गाळायचं. गाळलेल्या जागी शांतता उरायची.

मला ते पटलं होतं. सगळ्यांना एकच पट्टी, मग तक्रारीला जागा कुठे?

शनिवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर रेकॉर्डिंग ऐकायची आणि नवरा स्वयंपाकघरात भाजी चिरायचा.

"तुझा भाचा आला वाटतं," त्या आवाजाला माझा भाचा ठरवून तो म्हणायचा. "अजून नोकरी लागली नाही त्याला?"

"लागली. हा दुसरा."

"सगळे सारखेच. ओळखायचे कसे?"

"ओळखायचेच नाहीत. म्हणून तर हे सगळं."

पुढे पुढे तो आवाज माझ्यासोबत बाहेरही यायला लागला. एकदा ट्राममध्ये पुढच्या थांब्याची घोषणा झाली आणि मी मनातल्या मनात तिला गुण देऊन मोकळी झाले.

तिसऱ्या वसंतात आमच्या भरतीप्रमुखाने मीटिंगमध्ये सांगितलं की शहरापलीकडच्या एका युनिव्हर्सिटीचं नाव आता यादीतून काढावं लागेल. तिथले बहुतेक विद्यार्थी काळे, आईवडील नायजेरिया, घाना, जमैकाहून आलेले. कंपनीने मुद्दाम तिथे जायला सुरुवात केली होती, पण दोन वर्षांत एकही जण पुढच्या फेरीत पोचला नव्हता. "आपण दार उघडलं होतं," तो म्हणाला. या वर्षी तिथली एकच उमेदवार उरली होती आणि तिचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, हे त्याच्याच बोलण्यातून कळलं.

एखादी अडचण कशी सोडवली, असा प्रश्न होता. तो ओळखीचा आवाज म्हणाला, "दर रविवारी…" आणि थांबला. मग, "…च्या आवाजाची व्यवस्था माझ्याकडे असते. सगळे… लागले की माइक शिट्टी मारायचे, म्हणून मी…साठी एक प्रोग्रॅम लिहिला."

उत्तर सुसंगत आहे का, या रकान्यात मी पाचपैकी दोन लिहिले. पुढे जायला तीन लागत होते.

पण हात पुढच्या रकान्याकडे जाईना. मी पुन्हा ऐकलं, कानावर हेडफोन दाबून. सॉफ्टवेअरने शब्द काढले होते, पण शब्दाआधीचा श्वास काढला नव्हता. प्रत्येक शांततेच्या तोंडाशी कोणीतरी श्वास घेत होतं, आणि तो श्वास त्या आवाजाचा नव्हता.

मी माझंच उत्तर इंग्रजीत रेकॉर्ड करून त्याच सॉफ्टवेअरला दिलं. लहानपणी पुण्यात आमच्या मंडळाच्या ढोल-पथकाच्या सरावाचं वेळापत्रक मी कसं बसवलं, ते सांगितलं. थोड्या वेळाने लॅपटॉपमधून भाचा बोलू लागला. "मी… मध्ये वाढले. आमच्या…च्या…चं वेळापत्रक मी बसवलं." माझा एक श्वास त्यात तसाच होता. मी टेबलावरून उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

नवऱ्याला बोलावलं. "आता तू बोल. तुझ्या रोइंग क्लबचं वेळापत्रक बसवलंस असं सांग."

"मला पोहताही येत नाही."

"बोल रे."

त्याच्या उत्तरातला एकही शब्द गेला नाही. रोइंग, क्लब, नदी, सगळं जागच्या जागी. त्याने ते पुन्हा एकदा लावून ऐकलं.

"या गोऱ्यांचं रोइंग चालतं," तो शेवटी म्हणाला, "आणि आपले ढोल काय, डाग?"

सोमवारी मी भरतीप्रमुखाला तिन्ही रेकॉर्डिंग ऐकवली. तो म्हणाला, "पण तिचे मूळ शब्द तुला ऐकवले तर तो पक्षपात होईल."

"ऐकवू नका. तिला बोलवा. आणि ज्यांच्या उत्तरात भोकं आहेत त्या सगळ्यांना बोलवा, कुठल्याही युनिव्हर्सिटीचे असोत."

त्याने होकार दिला.

ती आली, उंच, केसांच्या बारीक वेण्या, आवाज जाड आणि किंचित घोगरा. मला त्या आवाजाची सवय व्हायला वेळ लागला. तोच प्रश्न मी विचारला.

"दर रविवारी," ती म्हणाली आणि थांबली. अगदी तिथेच. "एका संस्थेच्या आवाजाची व्यवस्था माझ्याकडे असते."

"कुठल्या संस्थेच्या?"

तिने भरतीप्रमुखाकडे पाहिलं. "आज बोलावताना दिलेल्या तुमच्या सूचनांमध्ये होतं, ओळख पटेल असं काही बोलू नका."

"इथे बोला," मी म्हटलं.

"चर्च. गॉस्पेलची भक्तिगीतं गाणारे आहेत आमचे. सगळ्यांनी एकदम सूर लावला की छताचे पत्रे थरथरतात." ती हसली आणि मग प्रोग्रॅम कसा लिहिला ते फळ्यावर मांडत गेली. मी पाच लिहिले, भरतीप्रमुखानेही पाच. तिला जागा मिळाली आणि त्या युनिव्हर्सिटीचं नाव यादीत राहिलं.

नंतर मी आधीच्या दोन वर्षांची रेकॉर्डिंग मागितली. नियमाप्रमाणे ती सहा महिन्यांत पुसली जातात. तिथली किती मुलं होती हे कळलं, पण ती काय म्हणाली होती हे आता कोणालाच सांगता येत नाही.