परवानगीने बसवलेली भुतं

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत आज जेवढी म्हणून भुतं आहेत, ती सगळी माझ्या साडूंनी बसवलेली आहेत, आणि त्यातलं एकही त्यांनी जागामालकाला विचारल्याशिवाय बसवलेलं नाही. माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, भयकथा लिहितात. खोपोलीकडच्या एका कारखान्यात टाइमकीपरची नोकरी करता करता त्यांनी कपाटभर कादंबऱ्या लिहिल्या, आणि आता दहिवलीच्या घरी ओटीवर बसून चित्रकथा लिहितात. लिहायला त्यांना कारखान्यातून रद्दीत निघालेल्या हजेरीच्या वह्याच लागतात. डाव्या बाजूला पात्रांची नावं, पुढे रकाने. कथेत माणूस मेला की त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’, आणि भूत होऊन परत आला की पुन्हा ‘हजर’. एवढं लिहून झालं की वेळही टाकतात. जन्मभर दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपल्या, ती सवय मेलेल्यांच्या बाबतीतही सुटलेली नाही.

परवानगीचं प्रकरण मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ‘भुताला पत्ता पायजे,’ असं ते नेहमी म्हणतात, ‘बिनपत्त्याच्या भुताला कोन भिनार?’ पण पत्ता म्हटला की कुणाची तरी जागा आली. पोशीरला एका शेतकऱ्याच्या घरी ते मला घेऊन गेले. चपला बाहेर काढल्या, पाणी प्यायले, भात कसं आहे ते विचारलं, म्हशीची चौकशी केली, आणि सोयरीक जुळवायला आल्यासारखा चेहरा करून म्हणाले, ‘अण्णा, तुमच्या विहिरीवर एक बाई बसवायची हाय. चालंल का?’ अण्णांनी तंबाखू मळता मळता विचार केला. ‘बसव की. पन कापनी उरकू दे रं. आत्ता बसवलीस तं बाया कामाला यायच्या नाय.’ साडूंनी कापणी संपेपर्यंत ते पुस्तक छापायला दिलं नाही. शेलूच्या एका नव्या सोसायटीत मात्र सेक्रेटरीने हात जोडले, म्हणाला, आधीच पाण्याची बोंब आहे, त्यात भूत नको. दोनेक महिन्यांनी तोच माणूस दहिवलीला हजर. ‘काका, लिफ्टमध्ये एखादं बसवता येईल का? पोरं दिवसभर वरखाली करतात.’ साडू चिडले. ‘पोरांना भिववायला मी लिवत नाय,’ म्हणाले आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं.

त्यांच्या चित्रकथांची चित्रं मी काढतो. मी मूळचा बोर्ड रंगवणारा. नेरळपासून खोपोलीपर्यंत निम्म्या दुकानांच्या पाट्या, टेंपोंच्या पाठी आणि निवडणुकीच्या भिंती माझ्या हातच्या होत्या. मग फ्लेक्स आलं. पाटीला मला दोन दिवस लागायचे, फ्लेक्स चहा पिऊन होईपर्यंत तयार. वर्षाच्या आत माझ्याकडे येणारी वाट ओस पडली. रॉकेलच्या डब्यातलं रॉकेल उडून गेलं आणि ब्रश वाळून लाकडं झाले. मी दुपारचा झोपायला लागलो, आणि जागा असलो की बायकोशी भांडायला लागलो. सगळ्यात जास्त लागलं ते हे, की मला ‘पेंटर’ म्हणून हाक मारणारी माणसं आता नुसतं ‘काय हो’ म्हणायला लागली. मी खचलो होतो. हात हळूहळू विसरत चालला होता आणि मला ते कळत होतं.

अशात एका दुपारी साडू आले. ‘पेंटर,’ त्यांनी दारातूनच हाक मारली, ‘अडचन झाली रं. कादंबऱ्या आता कोन वाचत नाय. लोकांना चित्रं पायजेत. मला तर सरळ रेघ मारता येत नाय. तू हात दिलास तर मी तरंन.’ आता खरं सांगायला हरकत नाही, मला मनातून बरं वाटलं. आपल्यासारखाच आणखी एक बुडतोय, आणि तोही थोरला साडू! मी भाव खाल्ला. ‘बघतो, वेळ मिळाला तर,’ असं मी म्हणालो. वेळेशिवाय माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. त्यांना मी तीन खेपा घालायला लावल्या.

माझी पहिली हडळ मी अजून विसरलेलो नाही. इतकी वर्षं उमेदवारांचे चेहरे रंगवलेले, त्यामुळे हात आपोआप तसाच वळला. विहिरीवर केस सोडून बसलेली बाई गालात हसत, दोन्ही हात जोडून मतं मागत होती. वर तिची किंकाळी मी किराणा दुकानाच्या पाटीसारखी लाल अक्षरांत, पिवळी सावली देऊन काढली होती. साडूंनी कागद दूर धरला, जवळ धरला. मी फाडायला हात पुढे केला तर म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे. हिची जास्त भीती वाटते.’ ती तशीच छापली, आणि वाचकांना ती फार आवडली. पुढे माझा हात बसावा म्हणून ते प्रत्येक प्रेत स्वतः करून दाखवायचे. भर उन्हात अंगणात जीभ बाहेर काढून पडून राहायचे. एकदा कुरियरवाला पाकीट तिथेच टाकून पळाला, तर हे प्रेत उठून ‘अरे, सही घेऊन जा’ म्हणत त्याच्या मागे धावलं. त्यानंतर तो कुरियरवाला आमच्या आळीत आला नाही.

मी मात्र शेफारलो होतो. एक दार उघडायला दोन पानं घेणारा हा माणूस, त्याला मी सुनवायचो, ‘साडूभाऊ, बोलण्याचा फुगा एवढासा आहे, चार शब्द कापा.’ ते मुकाट्याने कापायचे. सगळीकडे मी सांगत फिरायचो, की माझ्या चित्रांवर साडूंचं दुकान चाललंय.

गेल्या महिन्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला माळ्यावरून चादरींची पेटी काढायला सांगितली. पेटीत चादरींखाली हजेरीच्या वह्या होत्या. वरचीच उघडली तर विहिरीवरची बाई! पण चित्रकथा नव्हे. तीनशे पानांची, शेवटापर्यंत लिहिलेली कादंबरी. मी ताईंकडे पाहिलं. ‘ही तर छापायला घेतली होती त्या पुण्याच्या प्रकाशकाने,’ त्या म्हणाल्या. ‘ह्यांनीच परत आणली. म्हणाले, चित्रांत करायची हाय. तुमी तेव्हा घरात बसून होतात ना.’

मी तिथेच शिडीवर बसून वाचलं. रहाटाचा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो तिथपासून बाईचा चेहरा दिसेपर्यंत पाच पानं होती. तसं लिहिलेलं मी त्यांचंही दुसरं वाचलेलं नाही. त्या पाचही पानांवर लाल पेन्सिलीने तिरकी रेघ मारलेली होती, आणि समासात त्यांच्या टाइमकीपरच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हे पेंटर काढेल.’ त्याच पानांच्या जागी मी मतं मागणारी बाई काढली होती.

वही घेऊन मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. काळा चष्मा लावून ते ओटीवर बसले होते. ती पाच पानं मी मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी मान खाली घालून ऐकली. ‘लांबलंय रं,’ शेवटी म्हणाले. ‘तू एका चौकटीत उरकलंस.’ ‘तुमचे उपकार...’ एवढं कसंबसं म्हणालो, तर ते लगेच, ‘पुढची बाई कुठं बसवायची ते बोल. खालापूरला एक चिंच बघून ठेवलीय, मालक चांगला मानूस हाय.’

ती चिंच मी काढली. एवढं मन लावून मी आयुष्यात काही काढलेलं नाही. पण बाईच्या चौकटीआधीची पाच पानं मी कोरी सोडली आहेत, आणि पहिल्या कोऱ्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलंय, ‘हे साडूभाऊ लिहितील.’ एक डोळा सुधारलाय, दुसऱ्याचं डॉक्टर काही नक्की सांगत नाहीत. साडू म्हणतात, दिसायला लागलं की बघू. मी रोज दुपारी कागद घेऊन जातो आणि ओटीवर त्यांच्या शेजारी बसतो.