एका गाडीत न बसणाऱ्या दोन चाव्या

आमच्या घरात सहलीचं ठरायला साधारण सहा महिने लागतात. या वेळी सहा मिनिटं लागली. जानेवारीतल्या एका दुपारी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोबाईलवर सुरतहून फोन आला. ऋत्वी नावाची कुणी आर्किटेक्ट बोलत होती. भागळजवळची जुनी बँकेची इमारत आम्ही दुरुस्त करतोय, तिथल्या स्ट्राँग रूमचं दार चुकून बंद झालंय, चाव्या आहेत पण उघडत नाही, जुन्या फायलीत तुमचं नाव सापडलं, कसं उघडायचं ते सांगाल का, असं तिने एका दमात विचारलं. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "फोनवर नाही सांगता येणार." फोन ठेवला आणि मला माळ्यावरची बॅग काढायला सांगितली.

अण्णांचं वय शहात्तर. बायपासनंतर गेली तीन वर्षं हा माणूस जळगावाबाहेर पडलेला नव्हता. नातेवाइकांच्या लग्नांनाही आईलाच पाठवायचे. म्हणून मी बॅग काढायच्या आधी ऋत्वीला परत फोन केला. तिने सांगितलं की त्या दारामागे आता जेवणाची खोली होणार आहे, गुरुवारी उद्घाटन आहे, आणि मंगळवारी सकाळी गॅस कटरवाला दार कापायला येणार आहे. आणखी एक गोष्ट तिने जरा वैतागूनच सांगितली. दुसऱ्या चावीवाल्या धनसुखभाईंनाही तिने आधी फोन केला होता. तेही म्हणाले होते, फोनवर नाही.

इथे थोडं सांगावं लागेल. बँकेची स्ट्राँग रूम एका माणसाला उघडता येत नाही. दोन कुलपं, दोन चाव्या, दोन माणसं. अण्णा अकाउंटंट आणि धनसुखभाई हेड कॅशियर, दोघांनी दहाएक वर्षं रोज सकाळी ते दार मिळून उघडलं. एक जण चावी फिरवत असताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं, त्यामुळे चावी कशी आणि किती फिरवायची यातला फक्त आपापला अर्धा भाग दोघांना माहीत. शिवाय त्या वेळच्या मॅनेजरांचा हुकूम होता की चावीवाल्या दोघांनी एका वाहनात बसायचं नाही आणि एका पंगतीला जेवायचं नाही. एकदम दोघांना काही झालं तर बँक उघडणार कशी? बाकीच्यांनी असले हुकूम हसण्यावारी नेले असते. या दोघांनी अक्षरश: पाळले. माझ्या दहावीच्या पेढ्यांना धनसुखभाई आमच्या घरी आले तेव्हा अण्णा मागच्या दाराने दूध आणायला गेले होते, हे मला पक्कं आठवतं. पुढे शाखा रिंग रोडला हलली, अण्णांची बदली झाली आणि मैत्री बेसतुं वरसच्या, म्हणजे गुजराती नववर्षाच्या फोनवर आली.

शनिवार

जळगावहून सुरतला जायला ताप्ती लाईनची गाडी उत्तम. पाच-सहा तास लागतात, स्लीपरचं तिकीट दोनशेच्या आसपास पडतं. खिडकी उजवीकडची घ्या असं लोक सांगतात, पण अमळनेरपर्यंत दोन्हीकडे केळी आणि कापूसच आहे, उगाच भांडू नका. निघताना आईने बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं पुडकं अण्णांच्या हातात दिलं आणि अहिराणीत बजावलं, "हाई तुमना दोस्तनं शे. रस्तामा फोडानं नही." नंदुरबारला पुडकं फुटणार अशी माझी अटकळ होती. अण्णांनी ते सुरतपर्यंत मांडीवर धरून ठेवलं, तेव्हा मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

नवापूरला उतरून त्या प्रसिद्ध बाकड्यावर बसायला विसरू नका. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. गाडी थांबते तेवढ्या वेळात मी दोन्ही राज्यांत चहा प्यायले. चहा दोन्हीकडे सारखाच गोड आहे.

सुरत स्टेशनवरून भागळला रिक्षा करा, पण मेट्रोच्या खोदकामामुळे शेवटचा टप्पा चालावा लागतो. अण्णा पत्र्यांच्या कुंपणामधून वाट काढत पुढे निघाले आणि एका वळणावर एकदम थांबले. समोर त्यांची बँक होती. पाच मजले, वर घड्याळाचा मनोरा, पिवळसर चुन्याचा नवा गिलावा. मी लहानपणी पाहिलेली इमारत काळपट होती, तिच्या कठड्यावर पिंपळ उगवला होता. घड्याळ तर कायम सव्वाचारच दाखवायचं. आता ते चालू होतं आणि चौथ्या मजल्याच्या गॅलरीत कुणाच्या तरी साड्या वाळत होत्या.

"लोक राहतात इथे?" अण्णांनी विचारलं. वरच्या दोन मजल्यांवर घरं केली आहेत आणि सात कुटुंबं राहायलाही आली आहेत, असं दारात उभ्या असलेल्या ऋत्वीने सांगितलं. ती पस्तिशीची, पक्की सुरती, आणि मराठी बोलते ती थेट पांडेसऱ्याच्या मराठी वस्तीतल्या कारागिरांकडून उचललेली. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर हॉटेलच्या अकरा खोल्या आहेत. आम्हाला मिळालेली खोली म्हणजे जुना ड्राफ्ट विभाग. जिथे अण्णांनी उभं राहून सह्या केल्या तिथेच त्यांना पलंग मिळाला. भाडं अजून ठरलेलं नाही, पण ऐकलेल्या आकड्यावरून माझ्या खिशाला जडच आहे. तळमजल्यावरची कॉफी मात्र परवडते.

रविवार

सकाळी लोचो. हा पदार्थ दिसायला फसलेला ढोकळा आहे आणि खाताना तसं अजिबात वाटत नाही. वर तेल, शेव, कांदा. डॉक्टरांनी अण्णांना काय काय बंद केलंय ते मी मोजून दाखवलं, तोवर त्यांची दुसरी प्लेट संपली होती. नदीकाठी पोंकाच्या गाड्या लागल्या होत्या. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण सुरतकर त्यावर लिंबू-मिरीची शेव घालतात आणि हुरडा म्हटलं की रागावतात.

मग इमारत पाहिली. मला वाटलं होतं जुन्यावर रंगरंगोटी केली असेल. तसं नाही. कॅशियरचे पितळी जाळीचे सागवानी पिंजरे तसेच ठेवलेत, एकात घारी ही सुरती मिठाई आणि नानखटाई मिळते, दुसऱ्यात कॉफी. मॅनेजरच्या केबिनमध्ये वाचनालय आहे. अण्णा आत जाण्यापूर्वी दारावर टकटक करत होते, आणि ते पाहून मला हसू आलं आणि गलबलूनही आलं.

हॉलच्या मोझॅक फरशीवर भिकादादा नावाचे मिस्त्री शेवटची पॉलिश करत होते. शिरपूरकडचे, तीस वर्षं पांडेसऱ्यात. अण्णांचा आवाज ऐकून त्यांनी मशीन बंद केलं आणि दोघं थेट अहिराणीत शिरले. सगळी फरशी त्यांनी घासून एका पातळीत आणली होती. फक्त स्ट्राँग रूमच्या दारासमोर दोन उथळ खळगे राहू दिले होते, शेजारी शेजारी, पावलाएवढे. यावरून ऋत्वीशी त्यांचं चांगलंच वाजलं होतं. तिला सपाट फरशी हवी होती. भिकादादा ऐकेनात. अण्णांना खळगे दाखवून ते म्हणाले, "आठे कोनीतरी रोज उभं ऱ्हाये. म्हनीसन मी भरं नही."

साठेक वर्षांत जो जो चावीवाला आला तो तिथेच उभा राहिला असणार. डावा खळगा अण्णांचा होता.

दार मात्र ढिम्म होतं. पितळेला पॉलिश करताना कामगारांनी गंमत म्हणून ते लोटलं होतं, दोन्ही चाव्या फिरवून पाहिल्या होत्या आणि मग त्याच चाव्या रिसेप्शनमागच्या चौकटीत शोभेला लावल्या होत्या. बंद झटकन झालं, उघडायला येईना. दोन कुलूपवाले हात टेकून गेले होते. अण्णांनी दारावरून तळवा फिरवला आणि म्हणाले की माझं मला येतं, पण माझं एकट्याचं काही चालत नाही. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. धनसुखभाई ऐंशीचे, मोतीबिंदू आणि काचबिंदूने डोळे जवळजवळ गेलेले, घराबाहेर पडतच नाहीत, असं त्यांच्या सुनेने फोनवर सांगितलं होतं. ते येतील का आणि आले तर त्यांना जमेल का, हाच घोर अण्णांना लागला होता. दार कापलं तर आपली नोकरी खोटी वाटेल, असंही एकदा म्हणाले.

सोमवार

ऋत्वीने गाडी दिली. धनसुखभाईंचं कामरेज तासाभरावर आहे, उसाचा रस प्यायला थांबलात तर सव्वा तास. धनसुखभाई ओट्यावर इस्त्रीचा शर्ट घालून, काठी धरून तयार बसले होते. पंचवीस वर्षांनी भेट होत होती. मी मोबाईल काढून मिठी टिपायला सज्ज झाले. धनसुखभाईंनी अण्णांचा हात चाचपून धरला, क्षणभर तसाच ठेवला आणि म्हणाले, "मोडा पड्या, साहेब." उशीर केलात, एवढंच. मग गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला तसे ते मागे सरले. "साथे नहि बेसाय." एका गाडीत बसायचं नाही.

अण्णा म्हणाले, बरोबर आहे.

मी दोघांना समजावलं की चाव्या भागळला चौकटीत आहेत, यांच्या खिशात नाहीत. धनसुखभाईंनी कपाळावर बोट टेकवलं. चावी इथे असते, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेवटी मी आणि धनसुखभाई गाडीने निघालो आणि बायपास झालेले माझे वडील बिबड्यांचं पुडकं घेऊन बीआरटीएसच्या बसने. ही बस स्वस्त आहे, स्वच्छ आहे आणि तिला स्वतंत्र मार्गिका आहे. तरी त्या दिवशी ती अर्धा तास उशिरा आली. तोवर मी दारात उभी राहून नखं कुरतडली.

अण्णा आले. हॉलमधलं काम थांबलं. ऋत्वीने चौकटीतून चाव्या काढून दिल्या. अण्णा डाव्या खळग्यात उभे राहिले आणि धनसुखभाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मग दोघंही थांबून राहिले. कशासाठी, हे आधी कुणालाच कळेना. तेव्हा अण्णा जरा दरडावून म्हणाले, "सगळ्यांनी."

आणि सगळ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ऋत्वीने, तिच्या इंजिनिअरने, भिकादादांनी, कॉफीवाल्याने, मी. वरच्या मजल्यावरच्या एक बाई भाजीची पिशवी घेऊन जात होत्या, त्यांनीही केलं. मागे चावीचा आवाज झाला, अण्णांचा एक हुंकार आला. मग पावलं बदलली. अण्णांनी माझ्या शेजारी येऊन भिंतीवर नाक टेकवलं.

धनसुखभाईंची चावी खरखरली आणि थांबली. पुन्हा खरखरली, पुन्हा थांबली. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. मी आयुष्यात देवाकडे कधी दार मागितलं नव्हतं, ते तेव्हा मागितलं. मग मागून चपला काढल्याचा आवाज आला. अनवाणी पाय फरशीवर घासत, काहीतरी शोधत सरकले आणि एका जागी थांबले.

"मळी गई," धनसुखभाई हळूच म्हणाले. सापडली.

त्यानंतर फार तर चार श्वास गेले असतील. खट्ट असा एक जड, भरीव आवाज झाला आणि दार कुरकुरत हललं. कुणीही वळायचं धाडस करेना. भिकादादा तर आपण न भरलेल्या खळग्याच्या आनंदात भिंतीकडे तोंड करूनच रडत होते.

जेवण आतच झालं. स्ट्राँग रूममध्ये चार टेबलं आहेत, भिंती पोलादी, दिवे मऊ. पहिलं टेबल त्या दोघांना. उंधियुं, पुरी, जिलबी आणि आईचे भाजलेले बिबडे. पंचवीस वर्षांचं बोलणं साचलेलं असणार, म्हणून आम्ही कान देऊन बसलो. दोघं मुकाट्याने जेवत होते. अर्ध्या जेवणात धनसुखभाई म्हणाले, "साहेब, तमे जमतां अवाज बहु करो छो. मने खबर ज नहोती."

अण्णा इतके हसले की मला त्यांच्या छातीची काळजी वाटली. तुम्ही जेवताना आवाज करता हे दहा वर्षं शेजारी काम करून कळलं नव्हतं, ही काय तक्रार झाली? पण मला ती फार आवडली.

ऋत्वीने दार उघडायची रीत फाईलसाठी लिहून मागितली. दोघांनीही मान हलवली, नाही. मग तिने शहाणपणा केला. भिकादादांकडून दाराखाली पितळेची पाचर बसवून घेतली आणि कटरवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. आता ते दार कायम उघडंच राहणार आहे. तुम्ही गेलात तर जेवायला आत जाताना उंबऱ्याशी खाली पाहा, डावा खळगा आमचा.

संध्याकाळी धनसुखभाईंना सोडायला गाडी आली. अण्णांनी त्यांना हात धरून मागच्या सीटवर बसवलं आणि एक क्षण विचार करून स्वत: शेजारी बसले. मी पुढे बसले आणि कामरेजपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

घरी

येऊन तीन आठवडे झाले. घारीचा डबा दुसऱ्या दिवशीच संपला. अण्णा आता रोज संध्याकाळी तलावापर्यंत चालून येतात आणि वाटेत भेटेल त्याला बस, रिक्षा, लोचो सगळं सांगतात. दारातलं काय ते मात्र सांगत नाहीत. आईलाही नाही.

काल रात्री जेवताना धनसुखभाईंचा फोन आला. स्पीकर चालू होता. फोनवर ते गरजेपेक्षा बरंच मोठ्याने बोलतात. आता नोकरी राहिली नाही, बँक राहिली नाही, दारही बंद व्हायचं नाही, तेव्हा माझा अर्धा भाग तुम्हाला सांगून टाकू का, असं ते विचारत होते. आईने घास हातात धरला.

अण्णा पाणी प्यायले, त्यांनी तोंड पुसलं.

"फोनवर नको," म्हणाले, आणि मला माळ्यावरची बॅग काढायला सांगितली.