माहेरची पुडी

डॉक्टरीण माझ्या खाटेशी उभी राहून सुनेला म्हणाली, "यांना कुणीतरी बाहेरून औषध देतंय."

हाताला सलाइन लागलं होतं, तोंड कडूजहर झालं होतं, मान उचलवत नव्हती. तरी मी डोळे फिरवले आणि सुनेकडे पाहिलं. घरात स्वयंपाक तीच करते, माझं ताटही तीच वाढते.

तिला माझं पाहणं कळलं. "आत्याबाई, माह्याकडं काहून पाहून राह्यल्या?" एवढंच म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

दवाखाना वर्धेचा होता. थोड्या वेळापूर्वी मी तिथं रिपोर्टाच्या रांगेत उभी होते आणि उभ्याउभ्याच खाली कोसळले. तिथवर गेले होते ते पहिल्या डॉक्टरवर भरवसा नव्हता म्हणून. मागच्या वर्षभरात माझा चेहरा पुरीसारखा फुगला, पोट सुटलं, हातपाय मात्र काड्या झाले. पितळी भांड्याचा नुसता धक्का लागला तरी कातडीवर जांभळा डाग पडायचा. राळेगावजवळचं आमचं गाव. तिथल्या बाया म्हणायच्या, "बुढीले सुनेच्या हातचं मानवलं." मीही हसायचे. मग साखर वाढल्याचं निघालं आणि पोरानं मला यवतमाळला नेलं.

त्या डॉक्टरनं मला हातही लावला नाही. तोंडाकडे पाहूनच म्हणाला, हार्मोनचा आजार दिसतो. किडनीच्या वर एक ग्रंथी असते, तिच्यात गाठ असेल. स्कॅन करा, ऑपरेशनही लागू शकतं. स्कॅनचं मशीन त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर होतं. मी जिना उतरले ती सरळ रस्त्यावर आले.

पोराला म्हटलं, "याले माहं पोट कायले फाडाचं हाये? दुसऱ्या डॉक्टरले दाखव."

"माय, तुले साऱ्यायचाच संशय येते."

"म्हणूनच आजवर जित्ती हावो."

वर्धेच्या डॉक्टरणीनं पोट दाबून पाहिलं, डाग पाहिले, सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं. "कुठलं औषध सुरू आहे का?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं, आणि ते मला खरंच वाटत होतं. रिपोर्टासाठी पुढच्या आठवड्यात बोलावलं. तो आठवडा वाईट गेला. जेवण जाईना, उलट्या सुरू झाल्या, पाय उचलेना. मला वाटलं, यांनी रक्तच जास्त काढून घेतलं. तशीच एस.टी.त बसून सुनेबरोबर रिपोर्ट घ्यायला गेले आणि रांगेत पडले.

आता डॉक्टरीण स्टूल ओढून माझ्याजवळ बसली. "आजी, तुमचा चेहरा सांगतो की हे हार्मोन अंगात फार झालंय. रक्त सांगतं की ते जवळजवळ नाहीच. त्याच जातीचं औषध बाहेरून येत राहिलं तर अंगातली ग्रंथी काम सोडून देते. मग बाहेरचं एकाएकी थांबलं की माणूस असा पडतो. काय घेत होता?"

"काहीच नाही."

सून खिडकीकडे पाहतच बोलली, "गुडघ्याची भुकटी चाटतात थ्या. मधात कालवून."

मला राग आला. "थे दवाई हाये काय? थे माह्या भावानं आनलं."

माझा भाऊ कळंबला राहतो. दर बाजाराच्या दिवशी येतो आणि येताना हात रिकामा ठेवत नाही. भावानं बहिणीच्या दारात जे आणलं ते आमच्याकडे कोणी उलटून पाहत नाही आणि नकोही म्हणत नाही. भाऊबीजेचं लुगडं तसं, तुरीची डाळ तशी, तशीच ही भुकटी. ढाणकीच्या बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून तो आणायचा आणि स्वतःही घ्यायचा. ती चाटायला लागल्यापासून मी पुन्हा शेतात उकिडवी बसू लागले होते. दवाई म्हणजे डॉक्टर देतो ती. माहेरचं कोण दवाईत धरतं?

"मग या आठवड्यात का घेतली नाही?" डॉक्टरणीनं विचारलं.

"भावाच्या घरी सुतक हाये. तेरवी होयेपर्यंत थो येत नाई. पुडी सरली."

ती म्हणाली, असल्या भुकटीत स्टिरॉइडच्या, म्हणजे त्याच हार्मोनच्या जातीच्या, गोळ्या कुटून घालतात, म्हणून दुखणं लगेच पळतं. मी तिचंही लगेच मानलं नाही. पण तिनं सलाइनमधून त्याच औषधाचं इंजेक्शन दिलं होतं, आणि संध्याकाळी मला भूक लागली. शिवाय गुडघे मोकळे झाले, अगदी भुकटीनं व्हायचे तसे. दोन्हीचं काम एकच, म्हणजे दोन्हींत माल एकच असणार. तेव्हा पटलं.

घरी आले ते त्याच औषधाच्या गोळ्या घेऊन. त्या हळूहळू कमी करायच्या, एकदम सोडायच्या नाहीत, असं तिनं बजावलं होतं. तेरवी उरकल्यावर भाऊ आला आणि बसायच्या आधीच नवी पुडी माझ्या हातात ठेवली. मी पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तेही माझ्यासारखंच गोल झालेलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं.

"बाई, आता माह्यावरही संशय?" तो म्हणाला. "मी तुले जहर देईन काय?"

"तू नाई रे. तुलेही कोनीतरी देऊन राह्यलं."

त्यानं पुडी हिसकावली आणि उठला. "मंग हे मोरीत टाकतो. घरची बी टाकतो. आजपासून बंद."

मी त्याचं मनगट घट्ट धरलं. "एकदम बंद केली तं माह्यावानी पडशीन. मी दवाखान्यात होती म्हणून निभावलं. तुह्या घरी कोन हाये सलाइन लावाले? आंधी डॉक्टरनीले दाखव."

"मले काही झालं नाई."

मी हात सोडला. मनगटावर माझ्या बोटांचे जांभळे वळ उठले होते. ते त्यालाही दिसले. तो खाली बसला, पण चहाला हात लावला नाही.

सून कपबशी उचलायला आली. "मामाजी, जाऊन या. तुमाले काही झालं तं या पुन्हा माह्याकडंच पाहतीन."

भाऊ हसला. मला हसू आलं नाही. ती बोलली ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं मी त्याला वर्धेला नेलं. त्याच्याही रक्तात तेच निघालं. त्यालाही गोळ्या लागल्या, त्याही तशाच हळूहळू उतरवल्या. ढाणकीला पोराला पाठवून चौकशी केली, तर भुकटीवाला बाजारात बसेनासा झाला होता. आता माझे गुडघे दुखतात आणि मी शेतात जात नाही.

भाऊ त्यातून वाचला. मीही वाचले.